पार्षदजींचा फेज

संपादकांचं पत्र आलं, 'प्रदीर्घ सेवेतील आपले संस्मरणीय यश वाचकांपुढे ठेवावे.' दोन दिवस विचार केला, मग बायकोला विचारलं. ती लाडू वळता वळता म्हणाली, "यश आता कुठून आणणार? जे आहे ते लिहा." जे आहे ते पुष्कळ आहे. वीज खात्यात छत्तीस वर्षं काढली. त्यात माझ्या हातून जे काही बरं झालं ते बहुतेक दुसऱ्या कुणीतरी सुचवलेलं होतं. बिघडलं ते मात्र अस्सल माझं, स्वतःच्या अकलेनं केलेलं. वीजवाल्यांच्या चुका सहसा अंधारात होतात, म्हणून झाकल्या जातात. माझी सगळ्यात मोठी चूक भर दुपारी, लख्ख उन्हात झाली.

आम्ही झाशीचे. सात-आठ पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून आलेले, म्हणून इथले लोक अजून 'दक्खिनी पंडित' म्हणतात. पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून तोंडावर हात धरतात, आणि आमची नातवंडं ते ऐकून हिंदीत उत्तर देतात. मूळ पुरुष सुभेदाराच्या दफ्तरात कारकून होता. कागदावर सगळं जुळलं की जगातही जुळलंय असं मानायची खोड आमच्या घराण्यात तेव्हापासून आहे. ही खोड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे चूक नीट चाखता येईल. लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी मसाल्याच्या भाताचं पातेलं घेऊन वरच्या टोकापासून निघतो. वरच्यांना भरपूर, मधल्यांना बेताचं, आणि शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत पातेल्याचा तळ वाजतो. वीज तशीच. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांना भरपूर व्होल्टेज, आणि गल्लीच्या शेवटच्या घरात दिवा लालसर. ह्यावर उपाय एकच, पातेलं निघतानाच जास्त भरायचं. ट्रान्सफॉर्मरवर त्यासाठी एक फिरवायची कळ असते, तिच्या पायऱ्यांना आम्ही टॅप म्हणतो. वीज बंद करायची, कळ एक पायरी फिरवायची, वीज चालू करायची. सगळ्या गल्लीचं व्होल्टेज थोडं वर चढतं.

ही विद्या मी झाशीजवळच्या बरुआसागर गावी शिकलो. नवीन नोकरी, सायकल, आणि कपाळावर 'ज्युनियर इंजिनियर' असं अदृश्य गंध. तिथल्या तलावाच्या अंगाला आल्याची शेती करणारे लोक राहत. संध्याकाळी त्यांच्याकडचे दिवे निखाऱ्यासारखे दिसत. मी टॅप एक पायरी वाढवला आणि सगळी वस्ती पांढरी झाली. लोकांनी मला झेंडूची माळ घातली आणि टोपलीभर आलं दिलं. महिनाभर आमच्याकडे आल्याचा चहा, आल्याची वडी, आल्याचं लोणचं चाललं होतं. ते आलं संपलं, पण डोक्यात गेलेली माळ काही उतरली नाही. त्यानंतर तीस वर्षं कुठल्याही अर्जात 'व्होल्टेज' हा शब्द दिसला की मी पुढचं न वाचता लिहीत असे, 'टॅप एक वाढवावा.' आणि गंमत म्हणजे तीस वर्षं ते बरोबरच ठरत गेलं. व्होल्टेज जास्त झालं अशी तक्रार आमच्या मुलखात कुणी केलेली मी ऐकली नव्हती. उपाशी पंगतीत कुणी 'पोट फार भरलं' म्हणेल का?

मग सूर्य खात्यात नोकरीला लागला.

निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती आणि घरोघरी छतावर सोलरच्या पाट्या चढू लागल्या. ह्याचा अर्थ आमच्या भाषेत सांगायचा तर, पंगतीत शेवटच्या पानावर बसणारे लोक घरून डबे घेऊन येऊ लागले. नुसते आणून थांबले नाहीत, स्वतःचं पोट भरल्यावर वरच्या पानांकडे वाढायलाही लागले. म्हणजे वीज उलटी. गल्लीच्या टोकाकडून ट्रान्सफॉर्मरकडे. ज्या यंत्रणेत शंभर वर्षं सगळं वरून खाली आलं, तिच्यात आता खालून वर काय आणि किती येऊ द्यायचं, कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर किती छतं सामावतील, पुढच्या पाच वर्षांत किती वाढतील, हे कुणीतरी आधी बसून ठरवायला हवं होतं. त्यासाठी नियोजन कक्ष निघाला. जळक्या मीटरांचं गोदाम होतं, ते झाडून त्यात एक कॉम्प्युटर ठेवला आणि त्याच्यापुढे मला ठेवलं.

मी झाशीचा नकाशा केला. देखणा होता, हे आजही म्हणतो. प्रत्येक गल्ली, प्रत्येक खांब, प्रत्येक घर. आता एक गोष्ट सांगावी लागेल. ट्रान्सफॉर्मरमधून विजेच्या तीन तारा निघतात, लाल, पिवळी, निळी. त्यांना फेज म्हणतात. साध्या घराला त्यातली एकच तार मिळते. तिन्हींवर घरं सारखी वाटलेली असावीत, नाहीतर तीन बैलांच्या गाडीत एकच बैल ओढत राहतो. माझ्या नकाशात ती वाटणी नामी होती. लक्ष्मी गेट ह्या जुन्या वेशीच्या आतल्या एका गल्लीत चौदा सोलर छतं होती. पाच लाल, पाच पिवळी, चार निळी. रजिस्टरात तसंच लिहिलेलं होतं. मी खाली सही केली, 'येथे आणखी छतांना वाव आहे.' वरच्या साहेबांनी तो नकाशा भिंतीवर लावला.

त्याच गल्लीच्या शेवटच्या घरातून मला पत्रं येत होती.

लिहिणाऱ्या कुसुमताई भालेराव, मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. यजमान रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मूळ भुसावळकडचे, बदलीवर झाशीला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर लक्ष्मी गेटच्या आत छोटं घर घेतलं. काकांची फुप्फुसं थकली होती. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं एक यंत्र त्यांच्या खाटेजवळ दिवसभर घरघरत असे, आणि ते विजेवर चाले. त्या यंत्रासाठीच दोघांनी छतावर सोलर बसवलं होतं. बसवणाऱ्यानं सांगितलं, 'अब बैटरी का क्या काम', म्हणून घरातली जुनी बॅटरी काढून टाकली होती. पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं की, असलं सोलर तारेत वीज असेल आणि ती ठीक असेल तरच चालतं. तार बिघडली की तेही गुपचूप बसतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला घरातून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तसा नियमच आहे.

पहिलं पत्र सुवाच्य होतं. दुसरं अधिक सुवाच्य. तिसरं इतकं सुवाच्य की त्यातला राग मला दिसायला हवा होता. 'व्होल्टेजच्या त्रासाने यजमानांचे यंत्र वारंवार बंद पडते, विशेषतः बारा ते दोन.' मला 'व्होल्टेज' दिसलं. 'बारा ते दोन' डोळ्यांखालून गेलं, पण डोक्यात शिरलं नाही. तरी नियमाला धरून मी माणूस पाठवला. तो आमच्या शिरस्त्याप्रमाणे संध्याकाळी सात वाजता मोजून आला, कारण व्होल्टेज संध्याकाळीच मोजायचं असतं, आम्ही दुसऱ्या कुठल्या वेळी मोजलेलंच नाही. कमी भरलं. मी लिहिलं, 'टॅप एक वाढवावा.' वर कुसुमताईंना मराठीत पत्रही पाठवलं, आपल्या भाषेचा माणूस म्हणून. 'आपली अडचण कायमची दूर केली आहे.' कायमची हा शब्द मी उगीचच घातला. लय चांगली येत होती.

फाल्गुनाचे दिवस. झाशीत तेव्हा पंखे लागलेले नसतात, हीटर निघून गेलेले असतात, आणि ऊन मात्र चोख पडतं. टॅप वाढवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आवाजात कुठेही चढउतार नव्हता.

"मी कुसुम भालेराव. तुमचं पत्र मिळालं. आज स्टॅबिलायझर जळाला, मशीन बंद आहे. ह्यांना सिलिंडर लावलाय, तो अडीचपर्यंत पुरेल. दुसरा भरायला गेलाय, तो संध्याकाळी येतो. आत्ता बारा वाजून दहा मिनिटं झालीत."

इतकंच. गणित मांडून दिलं आणि फोन ठेवला.

मी रामसेवकला हाक मारली. रामसेवक त्या भागाचा लाइनमन, माझ्याच वयाचा, सडसडीत, कानात अत्तराचा फाया. शिक्षण आठवीपर्यंत. तीस वर्षं तो त्याच गल्ल्यांतून शिडी घेऊन फिरत होता. त्याला स्कूटरवर मागे बसवलं, शिडी त्याच्या खांद्यावर, आणि लक्ष्मी गेटच्या गर्दीतून आम्ही निघालो. भाजीवाले शिडी बघून वाकत होते आणि मला बघून हसत होते.

घरात काका उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी. सिलिंडरवरचा काटा अर्ध्याच्या खाली. भिंतीवर प्लगात खोचलेलं एक छोटं व्होल्टमीटर होतं, बाजारात मिळतं तसलं, लाल आकड्यांचं. त्यावर दोनशे बहात्तर आकडा होता. घरात दोनशे तीसच्या आसपास असावा लागतो. मी चष्मा पुसला. आकडा तोच. मग एकदम दोनशे पस्तीसवर आला, पाच मिनिटं तिथे थांबला, आणि पुन्हा चढायला लागला. बाहेर प्रत्येक छतावरचं यंत्र व्होल्टेज फार झालं की स्वतःला बंद करत होतं, खाली आलं की पुन्हा सगळी एकदम जुंपून घेत होती. बसवणाऱ्यांनी त्यांची बंद पडायची हद्दही सैल ठेवलेली. शेवटच्या पानावरचे सगळे डबे एकदम उघडले होते, वरच्या कुणाला भूक नव्हती, आणि त्यावर मी कालच पातेलं आणखी भरून पाठवलं होतं.

मी कुसुमताईंकडे बघून काहीतरी तांत्रिक बोलायला लागलो. काकांनी हात वर केला. श्वास घेत, तुकड्या-तुकड्यानं बोलले.

"साहेब, घाट चढताना मागून इंजिन लावतात. तुम्ही उतारावर लावलंत."

तीस वर्षांची माळ तिथं उतरली. तांत्रिक भाषेतली शंभर पानं मी पुढे लिहिली, पण ह्याहून नेमकं मला कधी लिहिता आलं नाही.

आता टॅप परत खाली आणायचा, तर अख्ख्या मोहल्ल्याची वीज बंद करायची परवानगी हवी, माणसं हवीत, दोन तास हवेत. मी खिशातून कागद काढून परवानगीचा मजकूर लिहायला घेतला. घराण्याची खोड. घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. रामसेवक दारातून आत डोकावला. तो मघापासून खांबावरच्या तारा बघत उभा होता.

"साहब, कागज रैन दो. जे सबरे एकई फेज पै लटके हैं. बब्बा खौं लाल पै धर देत, दस मिनट लगहैं."

म्हणजे सगळी घरं एकाच तारेला लोंबकळली आहेत, आजोबांना लाल तारेवर टाकू. मी म्हटलं, असं कसं, रजिस्टरात पाच-पाच-चार आहेत. त्यानं मला शहाण्या माणसानं बैलाला बघावं तसं बघितलं. म्हणाला, "कागज पै तौ गैया भी उड़ जात, साहब."

मग खांबाखाली फ्यूज काढता काढता त्यानं सांगितलं ते असं. गल्लीच्या तोंडाशी पार्षदजींचं घर, म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक. ते निळ्या तारेवर. तारा गेल्या की लाइनमन पळत येतो तो आधी निळीसाठी, का ते सांगायला नको. वीस वर्षं लोक हे बघत होते. लाल किंवा पिवळी गेली की शेजारी रामसेवकला म्हणत, 'भैया, हमें भी पार्षदजी वाले फेज पर कर दो.' तो करून द्यायचा. अशी एकेक करत अख्खी गल्ली निळ्या तारेवर जाऊन बसली. तीच घरं सोलरवाली झाली. चौदापैकी तेरा छतं निळ्यावर. संध्याकाळी सगळे त्याच तारेतून ओढत, म्हणून व्होल्टेज कमी. दुपारी सगळे त्याच तारेत ढकलत, म्हणून जास्त. माझ्या भिंतीवरच्या नकाशात मात्र तीन रंगांची फुलं फुललेली.

हे सगळं तो बोलत होता आणि हात काम करत होते. मी शिडी धरली होती. एवढंच एक काम त्या दिवशी मी बिनचूक केलं. काकांच्या घराची तार लालवर आली, फ्यूज परत लागले. आत जाऊन बघतो तर व्होल्टमीटरवर दोनशे अडतीस, आणि हलत नव्हतं. स्टॅबिलायझर मेला होता, पण मरताना यंत्राला वाचवून गेला होता. कुसुमताईंनी यंत्राचं बटण दाबलं. ते आधी शिंकलं आणि मग घरघरायला लागलं. त्यांनी सिलिंडरची नळी काढून यंत्राची लावली, घड्याळ पाहिलं. एक वाजायला दहा मिनिटं होती. काकांनी उशाखालून एक हिरवा रुमाल काढला आणि रामसेवककडे बघून दोनदा हलवला. गार्ड गाडी सोडताना हलवतो तसा.

मी दारात उभा राहून माफी मागितली. कुसुमताई म्हणाल्या, "चुकणं ठीक आहे. तिसऱ्या पत्राच्या मागे पान टाचलं होतं, ते पाहिलंत का?"

कचेरीत जाऊन फाइल उघडली. होतं. टाचणी जागची हललेली नव्हती. चौकटीच्या वहीचं पान, थरथरत्या अक्षरातले आकडे. गार्ड लोक गाडीचं रोजचं टिपण ठेवतात, काका तसंच खाटेवर बसून व्होल्टेजचं ठेवत होते. रकाने आखलेले. वेळ, व्होल्टेज, शेरा, आणि शेवटी 'विलंबाचे कारण'. सकाळी आठला दोनशे दहा, दहाला दोनशे पस्तीस, बाराला दोनशे पासष्ट, शेरा 'यंत्र बंद'. अकरा दिवसांचे आकडे, आणि रोज तेच. विलंबाचे कारण ह्या रकान्यात अकराही दिवस काही लिहिलेलं नव्हतं. ते शोधणं माझं काम होतं, आणि माझ्या कपाटात ते महिनाभर पालथं पडून होतं.

पुढच्या आठवड्यात मी नकाशा भिंतीवरून उतरवला आणि रामसेवकच्या मागे खडूचा डबा घेऊन गल्लीत फिरलो. तो टेस्टर लावून सांगायचा, मी दारावर लाल, पिवळी, निळी खूण करायचो. लोकांना वाटलं जनगणना आली. नुसतं मोजून भागणार नव्हतं, घरं हलवायला हवी होती. आणि इथे सगळं अडलं. निळी तार सोडायला कुणी तयार होईना. एका म्हाताऱ्या बाईंनी मला सुनावलं, सोळा वर्षांपूर्वी मिन्नतवारी करून हा फेज मिळवलाय, तो तुमच्या सूर्यासाठी सोडू काय? मी समजावलं, चित्रं काढली, कुसुमताईंनी चौकात फळा लावून अपूर्णांक शिकवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निळ्यावरच राहिले.

रामसेवक विडी ओढत बसला होता. म्हणाला, "साहब, इनखौं छोड़ो. पारसदजी खौं लाल पै धर दो. आधो मोहल्ला पाछें-पाछें चलो आहै."

पार्षदजी भले गृहस्थ. त्यांना सांगितलं की संध्याकाळी लाल तारेवर त्यांचा एसी दमदार चालेल, आणि ते खरंही होतं. त्यांनी हो म्हटलं. रामसेवकनं भर सकाळी, सगळे बघत असताना, शिडी लावून त्यांची तार हलवली. दुपारपर्यंत आमच्याकडे अर्जांची रांग. 'हमें भी लाल पर कर दो.' सोळा वर्षांच्या फेजवाल्या आजी रांगेत पहिल्या. लाल भरली की रामसेवकनं हात जोडून 'अब जगह नईं' म्हणून सांगायचं, आणि बाकीच्यांना हळूच पिवळ्याकडे वळवायचं. रंग समसमान झाले. मग टॅप एक नव्हे, दोन पायऱ्या खाली आणला. तरीही संध्याकाळी शेवटच्या घरातला दिवा पहिल्यापेक्षा पांढरा होता, कारण आता तिन्ही बैल ओढत होते. छतांवरच्या यंत्रांच्या हद्दी ठीक केल्या, म्हणजे व्होल्टेज चढलं की एकदम बंद न पडता ती आपलं वाढणं हळूहळू आवरतात. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला दुपारी दळायला राजी केलं, म्हणजे डबे उघडतील तेव्हा जेवणारही हजर. पुढे त्या गल्लीत चौदाची बावीस छतं झाली, आणि काकांचं यंत्र दुपारी पुन्हा कधी बंद पडलं नाही.

त्यावरून आम्ही सगळ्या शहरासाठी रीत बसवली. छतांना परवानगी देण्याआधी व्होल्टेज संध्याकाळी तर मोजायचंच, पण फाल्गुनातल्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारीही मोजायचं, कारण तेव्हा ऊन भरपूर आणि भूक कमी. घर कुठल्या फेजवर आहे ते रजिस्टराला न विचारता लाइनमनला विचारायचं. 'नाही' म्हणण्याआधी घर हलवून बघायचं. ह्यात अवघड काही नाही. पण सूर्य, छत, तार, गिरणी आणि माणसाचा पार्षदजींवरचा विश्वास हे सगळं एकत्र बसवून पाच वर्षांपुढचं बघायचं, ह्यासारखं नितांतसुंदर काम मी दुसरं पाहिलं नाही. ज्या खात्यात मी आयुष्यभर अंधाराची कारणं लिहिली, तिथे जाता जाता उजेड फार झाल्याची व्यवस्था लावायला मिळाली. हे भाग्य थोड्यांनाच मिळतं.

अहवाल मी लिहिला. दुसऱ्या शहरांतून इंजिनियर बघायला आले, मी पडद्यावर चित्रं दाखवली, टाळ्या घेतल्या. अहवालात एक वाक्य होतं, 'क्षेत्रीय पडताळणीअंती फेजनिहाय पुनर्वाटप करण्यात आले.' क्षेत्रीय पडताळणी म्हणजे रामसेवक. त्याचं नाव लिहायला तशा अहवालात जागा नसते असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. माझ्या नावाला मात्र पहिल्या पानावर जागा होती. तो माझ्या आधी वर्षभर निवृत्त झाला. निरोपाला त्याला एक शाल दिली आणि भिंतीवरचं घड्याळ. दोन्ही त्यानं आनंदानं घेतली, आणि तेच मला जास्त लागलं.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात मी भालेरावांकडे गेलो. यंत्र घरघरत होतं, काका जास्तच वाळले होते, पण नजर गार्डाची. कुसुमताईंनी चहा दिला. काकांनी उशाखालून ती चौकटीची वही काढून माझ्या हातात ठेवली, पूर्ण भरलेली. कुसुमताई म्हणाल्या, "तुमच्यासाठी. आता त्यांनी दुसरी घातलीय. आणि ह्या वेळी पानं उलटून बघा."

घरी येऊन उलटली. फाल्गुनातला तो दिवस सापडला. त्याच थरथरत्या अक्षरात, श्वास पुरत नसताना लिहिलेलं असणार, म्हणून ओळ वाकडी गेली होती. 'बारा वाजता दोनशे बहात्तर. स्टॅबिलायझर जळाला. बारा-पन्नास, दोनशे अडतीस. गाडी सुटली. सोडवणारा: रामसेवक, लाइनमन.'

माझ्या अहवालाची चाळीस पानं आणि ही एक ओळ. मी बायकोला हाक मारून ती वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन रामसेवकच्या घरी गेलो. त्याला मराठी वाचता येतं असं नाही, पण लिपी तीच, आपलं नाव त्यानं बोट ठेवून वाचलं. मग त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. विचारलं, "साहब, तुमाओ नाव नईं लिखो का?"

मी सांगितलं, लिहिलंय की. शेवटचा रकाना बघ.

'विलंबाचे कारण' ह्या रकान्यात त्या एकाच दिवशी काकांनी काही भरलं होतं. तिथे माझं नाव होतं, हुद्द्यासकट.